चिखलात सांडलेलं दूध

त्यांनी माझ्या भावाला नागडं करून टेबलावर ठेवलं. शेजारी पहिला नंबर आलेलं बाळ. गुबगुबीत, पायात लोकरीचे मोजे. मध्ये माइक.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या सालची गोष्ट. तालुक्याच्या गावात महिला मंडळाची सुदृढ बालक स्पर्धा होती. आम्ही डोंगरातल्या ठाकरवाडीची माणसं. आमचा स्पर्धेशी काय संबंध? पण आदल्या दिवशी वाडीत मंडळाची जीप आली. "पोराला औषध देऊ," म्हणाले. म्हणून आई आली. आश्रमशाळेतून भाताच्या आवणीसाठी, रोपं लावायला, घरी आलेली मीही आले.

अध्यक्षीणबाईंच्या हातात छडी होती. फळ्यावरचा नकाशा दाखवावा तशी ती त्यांनी भावाच्या बरगड्यांवरून फिरवली.

"बघा भगिनींनो, याला म्हणतात अज्ञान. या बायका पोरांना वेळेवर अंगावर पाजत नाहीत. आळस, दुसरं काय!"

मागून एक बाई म्हणाली, "अगं बया, पोर हाय का पाल?"

मांडव हसला. आईही हसली. कसनुसं. मालकाच्या माणसांपुढे हसायची तिला सवय होती. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं.

कारण आई कामाला होती ती याच अध्यक्षीणबाईंच्या भातखाचरात. भाऊ बांधावर, जांभळीला बांधलेल्या झोळीत. तो रडला की आईला पान्हा फुटायचा. चोळी भिजायची, दूध चिखलात ठिबकायचं. ती वर बघायची, तेवढ्यात मुकादम ओरडायचा, "आवणीला आलीस का पोर पाजायला?" दुपारच्या भाकरीपर्यंत बांधावर यायची मुभा नाही. तोवर मी गुळाच्या पाण्यात चिंधी बुडवून भावाच्या तोंडात द्यायची. तो चिंधी चोखत राहायचा. इकडे आईचं दूध आटत चाललं.

मी टेबलापाशी गेले. भावाला उचललं.

"बाई, ह्यो तुमच्याच खाचरात वाळलाय. तुमचा मुकादम पाजाया सोडत न्हाई."

हसणं थांबलं. बाईंनी माइकवर हात ठेवला. "कोण गं ही? उद्धट कार्टी!" मग सभेकडे बघून आवाज गोड केला. "दूध पावडरचा डबा द्या त्यांना. आधी फोटो घ्या."

आईनं डबा घेतला. आणि फोटोवाल्याकडे पाठ केली.

"ए मावशी, हिकडं बघ की!"

ती वळली नाही. मांडवाबाहेर आल्यावर मला म्हणाली, "भीक न्हाई ही. आपलंच चिखलात सांडल्यालं दूध हाय."

दुसऱ्या दिवशी खाचरात भाऊ रडला. आईनं हातातली रोपांची मूठ खाली टाकली.

"ए, कुठं निघाली?"

"पाजाया."

"मालकाला सांगीन!"

"सांग. मालकिणीलाबी सांग. तिनंच सांगितलंय, येळंवर पाज म्हनून."

ती बांधावर बसली. झाडाआड नाही, मुकादमाच्या समोर. खाचरातली एकेक बाई कंबर ताठ करून उभी राहिली. भावाचं पोट भरेपर्यंत कोणी वाकलं नाही. संध्याकाळी मुकादमानं आईला सांगितलं, "उद्यापास्नं येऊ नको." बाकीच्या बाया दुसऱ्या दिवशी गेल्या. त्यांच्याही चुली होत्या.

भाऊ जगला का, असं मला सभांमधून हमखास विचारतात. मी सांगत नाही. जगला म्हटलं तर टाळ्या वाजवाल. गेला म्हटलं तर हळहळाल. दोन्हीनंतर चहा प्याल. मुकादम बांधावर तसाच उभा राहील.

आता आवणी आली की मी वाड्यावाड्यांतून फिरते. तिथं भाषण देत नाही. बांधावर जाऊन बसते. पोर रडलं की चिंधी देत नाही, आईला हाक मारते. आणि एकीला कामावरून काढलं तर दुसऱ्या दिवशी एकीनंही खाचरात उतरायचं नाही, हे या वेळी आमचं पक्कं ठरलं आहे. मालकांनी ऐकून ठेवावं. वाळायचीच असतील तर यंदा रोपं वाळतील.