इकोवर ठेवलेली गाडी

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. थोरल्या भावापुढे नाही, मित्रांपुढे नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा मी ती बाजूला सारूनच हात जोडले. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्याला सांगायची माझी छाती नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

गोष्ट गाडीची आहे. म्हणजे — तशी ती गाडीची नाहीच. पण गाडीपासून सुरू केलं की सोपं जातं. गाडीबद्दल पुरुषमाणूस तासन्‌तास बोलू शकतो, आणि तेवढा वेळ स्वतःबद्दल बोलावं लागत नाही.

चामराजपेटेत आमचं शिवणाच्या सामानाचं दुकान आहे. अस्तर, बटणं, चेनी, दोरे. आजोबांनी टाकलेलं, आता अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि मी चालवतो. राहायला मी येलहंक्याला, फ्लॅटमध्ये. बायको वंदना, निपाणीची. मुलगी श्रुती तेव्हा शाळेत होती.

वंदना शिवण शिकवायची. होसकोट्याला बायकांसाठी एक शिवणकेंद्र आहे, तिथे ती आठवड्यातून एक-दोनदा जायची, दोन बस बदलून. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली तिकडच्या कपड्यांच्या कारखान्यांत लागत. मग एकदा केंद्रवाल्यांनी विचारलं — पुढच्या वर्षापासून रोज याल का? सगळं केंद्रच सांभाळाल का? रोजची दोन बसांची ओढाताण तिला झेपणारी नव्हती. ती म्हणाली, "अहो, गाडी घेऊया की. मी चालवते." लग्नाआधी वडिलांची जीप ती सगळ्या निपाणीत फिरवायची. तिला गियरचीच छोटी गाडी हवी होती.

मी ऑटोमॅटिक घेतली. मोठी.

सगळ्यांना सांगितलं, वंदनासाठी घेतली, बायकांना सोपं पडतं. अण्णाही म्हणाला, "सरी, ठीक आहे, बरं केलंस." खरं कारण ऐकायचंय? हाफ क्लच मलाच जमत नव्हता. शिकताना हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर गाडी मागे घसरली होती, आणि मागचे सगळे हॉर्न अजून माझ्या कानात आहेत. माझं अडलं म्हणून घेतलेली गाडी मी तिच्या नावावर खपवली. ही पहिली लबाडी, आणि पुढच्या मानाने बारीकशी.

काही महिन्यांत गाडीला एक खोड लागली. ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या पावलांनी पुढे सरकताना ती थरथरायची. नुसती नाही — हिवताप भरल्यासारखी, स्टिअरिंगपासून सीटपर्यंत. पहिल्यांदा झालं तेव्हा मी एकटाच होतो. घरी येऊन सांगितलं का? कसं सांगणार? तिचं न ऐकता घेतलेली गाडी. अण्णापुढे, शेजाऱ्यांपुढे फुशारक्या मारून घेतलेली.

मग मला एक गंमत सापडली. गंमतच म्हणतो मी तिला, बघा. गियरजवळ एक गोल बटण होतं — इको, नॉर्मल, स्पोर्ट. इकोवर पेट्रोल वाचवायला गाडी घाईघाईने वरचा गियर टाकते, इंजिन मंदावतं, आणि नेमकी तिथेच ती थरथर सुटायची. स्पोर्टवर खालचा गियर जास्त वेळ राहतो, इंजिन जोरात फिरतं. पेट्रोल भसाभसा पितं, पण थरथर जवळजवळ गायब. तेव्हापासून मी स्पोर्टवरच चालवायला लागलो. इथपर्यंत ठीक आहे ना? एका भित्र्या माणसाची छोटीशी युक्ती, एवढंच.

पण गाडी वंदनाच्या हाती देण्याआधी मी ते बटण इकोवर फिरवायचो.

का? पेट्रोल काय फुकट येतं का, असं मी तिला सांगायचो. ते बटण हलवायचं नाही, इंजिन खराब होतं, असंही दटावून ठेवलं होतं. तिने हलवलं नाही. नवऱ्यावर विश्वास ठेवायची तिला सवय होती.

पहिल्यांदा तिच्या हाती गाडी थरथरली तेव्हा तिने दचकून माझ्याकडे बघितलं. "अहो, हे काय होतंय?" उत्तर माझ्याजवळ होतं. अगदी तयार होतं. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "तुझ्या पायाला अंदाज नाही, वंदना."

ज्या बाईला मी हे म्हणालो, तिचा पाय तुम्ही बघायला हवा होता. मोटरच्या मशीनचं पॅडल ती चवड्याने अशी दाबायची, की जोरात धावणारी सुई मोजून एक टाका टाकून थांबायची. नव्या मुली पॅडल दाबून कापड फर्रकन पळवत, आणि ही त्यांच्या पायाशी बसून पाऊल कसं ठेवायचं ते शिकवायची. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. अंदाज नाही म्हणे!

एकदा म्हणून थांबलो असतो, तर आज हे सांगत बसलो नसतो. पण ते वाक्य कामाला आलं ना. मग मी ते वापरत राहिलो — जेवताना, पाहुण्यांसमोर, हसत हसत. त्यात मायलेज पडलं. कंपनीवाला लिटरला अठरा म्हणाला होता, समोरच्या पडद्यावर दहा-अकरा दिसायचे. पेट्रोल मी पीत होतो, स्पोर्टवर. तो आकडा मी तिलाच दाखवला. "बघ," म्हणालो. ती म्हणाली, "सॉरी हो." कशाबद्दल सॉरी? माझ्याच पापाबद्दल ती माझी माफी मागत होती, आणि मी ती घेतली. मोठ्या मनाने घेतली!

तुम्ही म्हणाल, माणूस अडाणी असेल, गाडीत काय बिघडलंय ते त्याला कळलं नसेल. नाही. तेवढी सवलत मला देऊ नका. मी एकटाच गाडी घेऊन वर्कशॉपला गेलो होतो. तिथल्या माणसाने एक चक्कर मारली आणि सांगितलं — ऑटोमॅटिकलाही आत क्लच असतात, ते गेलेत, वॉरंटीत आहे, फुकटात बदलून देतो, दोन-तीन दिवस गाडी ठेवा. एवढंच होतं. मी म्हणालो, नंतर आणतो.

नंतर का? कारण त्या आठवड्यात वंदना केंद्राला हो की नाही ते कळवणार होती.

आता आलं बघा. इथेच यायचं होतं, आणि किती वळसे घेतले मी! गाडीचा कमीपणा झाकायचा होता हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की तिने जाऊ नये असं मला वाटत होतं. ती केंद्राची मॅडम होणार, कारखान्यांचे साहेब तिला फोन करणार, आणि मी? मी गल्ल्यावर बटणांची पाकिटं बांधत बसणार. मला जळायला झालं. साध्या मराठीत सांगतो — बायकोवर जळलो मी. आणि नको जाऊस असं तोंडावर म्हणायचीही हिंमत नव्हती, म्हणून ते काम गाडीकडून करून घेतलं.

कळवायच्या दिवशी ती म्हणाली, होसकोट्यापर्यंत आज मीच चालवते, जमलं तर हो सांगते. मी शेजारी बसलो. बटण इकोवर होतं — मीच ठेवलं होतं. वाटेत एका चढावर ट्रॅफिक तुंबलं. गाडी थरथरायला लागली, थांबली, पुन्हा सुटताना पुन्हा थरथरली. मागे लॉरीवाला हॉर्नवरचा हात काढेना. वंदनाच्या कपाळावर घाम. कशीबशी गाडी तिने कडेला घेतली आणि उतरली. म्हणाली, "तुम्ही चालवा. माझ्याच्यानं नाही होत."

मी आतूनच सरकून स्टिअरिंगवर बसलो. ती गाडीला मागून वळसा घालून दुसऱ्या दाराकडे येत होती. तेवढ्या वेळात मी बटण फिरवलं. स्पोर्ट.

ती बसली. मी गाडी काढली. त्याच चढावर, त्याच गर्दीत, गाडी लोण्यासारखी गेली. ती माझ्या पायाकडे बघत होती. मला ते कळत होतं, आणि — सांगूनच टाकतो — मला बरं वाटत होतं.

होसकोट्याला तिने नाही सांगितलं. पुढे आठवड्याचं जाणंही हळूहळू बंद केलं. त्यानंतर मी गाडी वर्कशॉपला टाकली, क्लच बदलून आणले. तेव्हापासून ती इकोवरही गप्प चालते. वंदनाला मी सांगितलं, सर्व्हिसिंगला दिली होती. तिने गाडीला पुन्हा हात लावला नाही. मीही आग्रह केला नाही. तो केला असता तर तिच्या हातीही गाडी सरळ चालली असती, आणि मग तिने विचारलं असतं.

यंदा दसऱ्याच्या आयुधपूजेला आमच्या पार्किंगमध्ये नेहमीसारख्या सगळ्यांच्या गाड्या धुऊन उभ्या होत्या. झेंडू, कुंकू, चारी चाकांखाली लिंबं. श्रुतीला नुकतंच लायसन्स मिळालंय. अण्णा आला होता, तो कौतुकाने म्हणाला, "या वेळी आमची श्रुती चिरडेल लिंबं. स्वल्प पुढे घे बाळा, बस." श्रुती आत बसली, गाडी सुरू केली. तोच वंदनाने खिडकीतून हात घालून तिचा हात धरला.

"नको गं," ती म्हणाली. हसत म्हणाली, सगळे ऐकत होते. "आजच्या दिवशी नको. तुझा पाय माझ्यावर गेला असला तर? तुझ्या अप्पांना काढू दे."

श्रुती प्रत्येक गोष्टीवर आमच्याशी वाद घालते. त्या दिवशी घातला नाही. तिने स्वतःच्या पायाकडे एकदा बघितलं, गाडी बंद केली आणि उतरून मला जागा दिली.

मी बसलो. गाडी पुढे घेतली. लिंबं फुटली, गाडीत जराही थरथर नव्हती, आणि पार्किंगमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दोघींनीसुद्धा.