खंडेनवमी आणि एक ब्लॅक कॉफी

खंडेनवमीला माझ्या दुकानात एक पेच पडला. मोठा काही नाही... एका कपाएवढाच.

चिखलीत आमचं छोटं कॉफी शॉप आहे. चार टेबलं, एक मशीन, काउंटरवर मी आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत सासूबाई. आम्ही मूळचे लातूरकडचे, नवरा चाकणला कंपनीत.

चोईसाहेब आमचे रोजचे गिऱ्हाईक. कोरियाचे, चाकणच्याच एका कंपनीत इंजिनिअर, दोन वर्षं समोरच्या सोसायटीत एकटे राहायचे. सकाळी सातला ब्लॅक कॉफी, साखर नाही, गप्पा नाहीत... सासूबाईंना मात्र न चुकता वाकून नमस्कार. त्या म्हणायच्या, "काळं पाणी पितंय लेकरू, कुणी बघायला न्हाई त्याला." लेकरू पन्नाशीचं आहे, पण असो.

मागच्या आठवड्यात त्यांनी सांगितलं, कायमचं परत चाललोय, आठवड्याने दुपारची फ्लाइट. जाताना शेवटची कॉफी इथेच पिणार म्हणाले. मीही ऐटीत शब्द देऊन बसले... त्याच दिवशी नवमी येते, हे कोणाच्या लक्षात होतं!

त्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मशीन पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. आता दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. गेल्या वर्षी मी गुपचूप चालू केलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी ते बंद पडलं. वॉशर गेला होता, असं मेकॅनिक म्हणाला. पण सासूबाईंपुढे मेकॅनिकचं काय चालतंय!

साडेदहाला चोईसाहेब आले. बाहेर कॅब, कॅबमध्ये बॅगा. दोन वर्षं रोज येणारा माणूस कायमचा चाललाय, मागून मागून मागितलं काय तर एक कप... आणि तोही देता येऊ नये? मी सासूबाईंकडे न बघता स्विचकडे हात नेला.

तर चोईसाहेबांनीच मला अडवलं. हाराकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, "नो, नो. आज मशीन छुट्टी."

मग मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, की पहिल्या वर्षी त्यांनी नवमीला हट्टाने कंपनीतलं पुजलेलं मशीन चालू करायला लावलं होतं. कुणी हू की चू केलं नाही. पण पुढे आठवडाभर त्यांच्या टेबलावर कुणी जेवायला बसलं नाही.

सासूबाईंना मी ते मराठीत सांगितलं. त्या उठल्या, आत गॅसवर पातेलं चढवलं. दूध, साखर, कॉफी, वरून जायफळ किसून. चोईसाहेबांनी ती गोड कॉफी तळापर्यंत संपवली. आवडली की नाही, देव जाणे.

निघताना सासूबाईंनी त्यांना थांबवलं. दुसऱ्या दिवसासाठी आणून ठेवलेल्या आपट्याच्या पानांतलं एक पान त्यांच्या हातावर ठेवलं. मी म्हटलं, "आई, सोनं उद्या वाटतात. आज नवमी आहे."

सकाळपासून नवमी-नवमी करणारी बाई माझ्यावरच खेकसली. "दसऱ्याला शीव ओलांडायची असती ना? हे लेकरू आजच ओलांडायलंय की! मग त्येचा दसरा आजच."

चोईसाहेब कमरेत वाकले, सासूबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. पान पासपोर्टमध्ये घालून साहेब कॅबमध्ये बसले. मी रडणाऱ्यातली नाही, पण आत जाऊन धुतलेलेच कप पुन्हा धुतले.

लग्नाला चौदा वर्षं झाली. इतकी वर्षं मला वाटायचं, या बाईला माणसापेक्षा नियम मोठा. साफ चुकलं माझं... हे त्यांना तोंडावर सांगायचं अजून काही जमलेलं नाही. त्यांच्याकडे साधा फोन आहे, म्हणून इथे लिहायची हिंमत केली.