पायानं बघायचे शिंपले

दुपारचं जेवण झालं की कोंडाबाई भोईंना ओसरीवर डुलकी लागते. आज डोळा मिटतोय, पण कपाळावरची आठी मिटत नाही.

सकाळी नदीतल्या जिवांचा अभ्यास करणाऱ्या शर्वरी मॅडम येऊन गेल्यात. डोहातल्या शिंपल्यांच्या मांसाचा कणभर तुकडा त्यांनी तपासायला नेला होता. जनुकं सांगतात, दिसायला सारखे असले तरी जाती दोन, आणि एक अगदी थोडी उरलीय. ती कुठं राहते ते कळलं, तर तेवढ्या भागात वाळू उपसणाऱ्या बोटी येणार नाहीत.

"तुमच्या धाकट्या जाऊबाई सांगायच्या, तेच खरं निघालं," मॅडम म्हणाल्या. तेच कोंडाबाईंना झोंबलं. "उद्या जागा मी दाखवते की," त्या ताठ मानेनं बोलून बसल्या. जागा ठाऊक होती ती फक्त त्या धाकट्या जावेला, सुंदराला.

आणि चार वर्षांमागं गेलेली सुंदरा पायरीवर बसून पाय धुतेय.

"मेलीस तरी मिरवतेसच," कोंडाबाई म्हणतात.

"मी कुठं? मॅडमच्या तपासणीनं सांगितलं."

"उभा जन्म शिंपले उकडले मी. नाव मात्र तुझं!"

"दोन्ही एकाच पातेल्यात उकडलेत, आक्का. किती सांगत हुते."

पायरीवरचं पाणी ओसरीवर येतं, कमरेपर्यंत चढतं. पाण्याखाली चूल पेटलेलीच आहे. पातेल्यात शिंपले तोंड उघडमीट करताहेत. कोंडाबाई वाकून न्याहाळतात. सगळे सारखे.

"डोळ्यानं न्हाई, पायानं बघा."

"मी थोरली सून. काठावर बसून निवडायचे, हा माझा मान. चिखल तुडवायला तू हुतीस."

"म्हणून तर तुम्हाला कळलं न्हाई." सुंदरा त्यांचा हात धरते. "डोहाकाठच्या उंबराच्या मुळाखाली, जिथं वाळू गार लागती तिथं. अंगठ्याला शिंपल्याची धार लागली तर ती थोडकी जात."

"मला का सांगतेस? मिरवीन की मी."

"मिरवा. पण तुमचे पाय बघून जळते मी, आक्का. अजून ओले होत्यात ते."

कोंडाबाई पाऊल तळाशी रोवतात. आयुष्यात पहिल्यांदाच. पायाखाली वाळू सरकते, काहीतरी चावतं.

जाग येते. ऊन पायरीवर. पाय कोरडे. उजव्या अंगठ्याखाली मात्र ताजा, बारीक काप, आणि त्यात काळ्या वाळूचा कण.

"सटवी," त्या पुटपुटतात. उद्या मॅडमना सांगावं लागणार, जागा सुंदरानं सांगितलेली. नुसतं मनात म्हणतानाही जीभ अडते. त्या कण काढत नाहीत.