बासिलिसाच्या आईचा चेहरा

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे वाल्देरोब्लेत सगळ्यांना ठाऊक आहे. आता गावात माणसं उरलीत एकोणतीस, म्हणजे सगळे म्हणजे तरी किती! माझा नवरा म्हणायचा, "ओबदुलिया, देव तुझ्या तोंडाला दार लावायचंच विसरला बघ." मी त्याच्यावर लाटणं उगारायची. आज असता तर म्हटलं असतं, बाबा रे, खरं बोललास. बासिलिसाची गोष्ट मीच सांगायला हवी, कारण तिचं वाटोळं मी केलं. एकदा नाही, दोनदा केलं.

बासिलिसा माझी शेजारीण, भिंतीला भिंत. चौऱ्याऐंशी वर्षांची, माझ्याहून सहानं मोठी. जन्मभर दुसऱ्यांच्या मेंढ्या वळल्या, लग्न केलं नाही, शाळेची पायरी चढली नाही. पण चर्चची किल्ली पन्नास वर्षं तिच्या कमरेला. झाडलोट तिची, मेणबत्त्या तिच्या, घंटाही तीच वाजवायची. तिची आई रेमेदिओस तिला जन्म देताना गेली. तिचा फोटो? कसला फोटो! तेव्हा आमच्या डोंगरात फोटोवाला चढायचा तो कुणाचं लग्न असलं तरच, आणि रेमेदिओसचं लग्न झालं नव्हतं. कळलं ना? मग पुढचं विचारू नका.

फोटो नव्हता, पण चेहरा होता. आमच्या चर्चमध्ये वेदीच्या डाव्या बाजूला संत आगेदाचं चित्र होतं, लाकडी फळीवर काढलेलं, फार जुनं. रेमेदिओस गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी मेणबत्ती कलंडली आणि संतबाईचं तोंड काळंठिक्कर पडलं. रेमेदिओसचा बाप सिरिलो बैलगाड्या आणि दारं रंगवायचा. पाद्रीबाबांनी त्यालाच बोलावलं, "बघ बाबा, काही जमतंय का." म्हाताऱ्यानं आठ दिवस आतून दार लावून घेतलं आणि आगेदाच्या खांद्यांवर आपल्या मेलेल्या मुलीचं तोंड रंगवलं. दार उघडलं तेव्हा सगळ्या गावानं ओळखलं. बायका रडल्या, आणि पाद्रीबाबा मान खाली घालून निघून गेले. माझी आई त्या बायकांत होती, तिनंच मला सांगितलं.

लहानपणी आम्ही पोरी बासिलिसाला चिडवायचो, "तुझी आई बघ, कशी भिंतीवर टांगलीय!" तिला कधी राग आला नाही. रोज सकाळी चर्च उघडलं की आधी तिकडे जायची. "उठलीस का गं आई?" म्हणायची, मग केरसुणी हातात घ्यायची. मेंढी हरवली तर तिला सांगायची, गुडघा दुखला तर तिला सांगायची. मी एकदा म्हटलं, "अगं, भिंतीशी काय बोलतेस?" तर म्हणाली, "तू तुझ्या आईशी भांडतेसच ना? मग मी माझ्या आईशी बोलले तर काय झालं!"

पाच फेब्रुवारी हा आगेदाचा सण. त्या दिवशी आमच्याकडे बायकांचं राज्य. सरपंचाची काठी बाईच्या हातात आणि पुरुष चुलीपाशी. आम्ही चित्र खाली उतरवायचो आणि पावाच्या मऊ गराचे गोळे करून मेणबत्त्यांची काजळी पुसायचो. कुणी खांदे पुसायचं, कुणी लाल शाल, कुणी हातातली झावळी. तोंड मात्र फक्त बासिलिसा. दुसऱ्या कुणी हात पुढे केला की म्हणायची, "सरक गं, तुझी आई आहे का ती?"

चार वर्षांपूर्वी बिशपच्या कचेरीनं माद्रिदहून तज्ज्ञ पाठवले. त्यांच्यात नेरेआ नावाची एक पोरगी होती, कपाळाला दिवा बांधलेली, गोड स्वभावाची. ती दोन तास चित्राला नाक लावून बसली आणि म्हणाली, "आजी, हे चारशे वर्षांपूर्वीच्या फार मोठ्या चित्रकाराच्या हातचं आहे. फळीला कीड लागलीय. दोन वर्षं संग्रहालयात राहील, बरं होईल, परत येईल." कुठल्या संग्रहालयात ते मी सांगणार नाही, उगाच कोर्टकचेरी नको. मोठ्ठं आहे, जगभरची माणसं बघायला येतात, एवढं पुरे.

बासिलिसा बाकावर बसून चित्राकडे बघत होती. आणि मला काय दुर्बुद्धी सुचली! पाहुण्यांसमोर आपलं गाव उणं पडू नये म्हणून मी फणकाऱ्यानं म्हटलं, "पोरी, तोंड मात्र तुझ्या त्या मोठ्या चित्रकाराचं नाही हं! ते आमच्या सिरिलोनं काढलंय. ही बसलीय ना, हिच्या आईचं तोंड आहे ते."

नेरेआचे डोळे चमकले. ती बासिलिसापुढे गुडघ्यांवर बसली. "खरं का, आजी?"

बासिलिसाला जन्मात कुणी काही विचारलं नव्हतं. तिचे गाल लाल झाले. मेणबत्ती कुठली, साल कोणतं, आजोबानं किती दिवस दार लावलं, सगळं सगळं सांगितलं. नेरेआनं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि बासिलिसानं खाली फुली मारली. साक्षीदार म्हणून मी झोकात सही केली. चित्र गाडीत घालून नेलं तेव्हा बासिलिसा रस्त्याच्या वळणापर्यंत मागे चालत गेली. मी म्हटलं, "रडतेस काय वेडे? तुझ्या आजोबाचं नाव माद्रिदला लागेल आता!"

दोन वर्षांची चार झाली. भिंतीवर नुसता पांढरा चौकोन. पाद्रीबाबा तीन आठवड्यांतून एकदा येतात, चार गावांची मिस्सेची प्रार्थना एका सकाळी उरकतात, त्यांना विचारलं की म्हणायचे, "कागदपत्रं चालू आहेत." त्यांच्या गाडीतले कागद पाहिले तर देवालासुद्धा उत्तर सापडणार नाही.

यंदाच्या जानेवारीत एका सकाळी बासिलिसा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. कॉफी दिली, तिनं कपाला हात लावला नाही.

"ओबदुलिया, तोंड येत नाही."

"कुणाचं तोंड?"

"आईचं. डोळे मिटले की शाल येते, झावळी येते, खांदे येतात. वर काहीच नाही."

"अगं, वय झालं आपलं. मला काल माझ्या सख्ख्या चुलत्याचं नाव आठवेना."

"तुझं वेगळं. मी आता जायची. वर गेल्यावर तिला ओळखू कशी?"

"ती ओळखेल की तुला! आई आहे ती!"

"कशी ओळखेल?" बासिलिसा म्हणाली. "तिनं मला पाहिलं असेल ते घटकाभर, तेही पाहिलं असेल तर. तिच्या लेखी मी वीतभर पोर. ही सुरकुतलेली म्हातारी समोर आली तर ती बाजूला सरकून वाट देईल. ओळखायचं तर मलाच हवं ना गं?"

मी म्हटलं, "चल, माद्रिदला जाऊ. पाद्रीबाबा म्हणत होते, चित्र आता तिथे लावलंय म्हणून. सणाच्याच दिवशी जाऊ."

पाच फेब्रुवारीला पहाटेची बस धरली. बासिलिसानं केस धुतले होते, काळा कोट घासून काढला होता. चार तासांत ती एकदाच बोलली. "मला बघून ती म्हणेल, फार दिवसांनी आलीस."

संग्रहालयाच्या दारात आमची पिशवी यंत्रातून गेली आणि तिथला माणूस ओरडला, "आजी, चाकू?"

"मग चोरिसोचं सॉसेज काय दातांनी कापू? तोंडात दात किती आहेत मोज," मी म्हटलं. चाकू, चोरिसो, ऑम्लेटचा पाव, सगळं ठेवून घेतलं आणि हातावर नंबराचा बिल्ला टेकवला. बासिलिसाचा हात मात्र कोटाच्या खिशात घट्ट. मला वाटलं, जपमाळ असेल.

आत माणसंच माणसं. एका चित्रासमोर तर सगळे फोन वर धरून उभे, चित्र कुणालाच दिसत नव्हतं. एका दालनात सगळ्या बायका उघड्या, मी म्हटलं, "बासिलिसा, डोळे मीट, यांना सर्दी होणार." ती हसली नाही. प्रत्येक संतापुढे थांबून ती छातीवर क्रुसाची खूण करत होती, ओळख नसताना पुढे जाणं तिला बरं वाटेना. असे तीसएक संत झाल्यावर ती कुजबुजली, "एवढे सगळे आणि एकापुढेही मेणबत्ती नाही गं. यांना विचारतं कोण?"

तीन जणांना विचारत विचारत आम्ही त्या खोलीत पोचलो. राखी भिंतीवर एकटीच आगेदा, सोनेरी चौकट, वरून दिवा. लाल शाल मी लांबूनच ओळखली. मागे निळं आभाळ होतं, आम्हाला कधी माहीतच नव्हतं, आम्हाला तिथे काळोखच ठाऊक. मग मी वर पाहिलं, तर तोंड भलतंच. कोवळी, गोरीपान मुलगी, वर पाहणारे डोळे, ओठ जरासे उघडे. खोटं कशाला बोलू, सुंदर होती. एक परदेशी बाई तिच्यासमोर डोळे पुसत उभी होती.

"चुकीच्या खोलीत आलो," बासिलिसा म्हणाली.

"बासिलिसा, शाल बघ."

"शाल आपली आहे." तिनं खिशातून हात काढला. मुठीत पावाच्या गराचा गोळा होता. "तोंड कुठाय?"

कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली राखणदारीण उठून आली. "आजी, थोडं मागे सरका."

"बाई, हिचं तोंड कुठे ठेवलंय?" बासिलिसानं तिला विचारलं, अगदी अदबीनं.

त्या बाईला काही कळेना. तिनं भिंतीवरची पाटी वाचून दाखवली. चित्रकाराचं नाव, साल, आणि मग: "चेहऱ्यावरचं रंगकाम नंतरचं, गावातल्या कारागिराचं असल्याचं दोन रहिवाशांच्या जबानीवरून निश्चित झाल्यावर ते काढून टाकण्यात आलं." सिरिलोचं नाव कुठेच नव्हतं.

"दोन रहिवासी," बासिलिसा म्हणाली. "म्हणजे आपण."

तिनं माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मग मीच आकांडतांडव केलं, "बोलवा त्या नेरेआला! आत्ताच्या आत्ता!" लोक चित्रं सोडून माझ्याकडे बघायला लागले. राखणदारणीनं फोन केला आणि थोड्या वेळानं नेरेआ पांढऱ्या कोटात धावत आली. आम्हाला पाहून आधी हसली, मग बासिलिसाकडे पाहून तिचा चेहरा उतरला.

"आजी, मी चर्चच्या पत्त्यावर पत्र पाठवलं होतं. खालचा चेहरा जळलाच नव्हता, फक्त वरचं रोगण करपलं होतं. तुमच्या जबानीमुळे तर आमचं काम सोपं झालं. तुमचे आभार मानले होते मी पत्रात."

"आजोबाचा रंग कुठे ठेवलाय?"

"तो... तो कापसाच्या बोळ्यांनी पुसून काढतात, आजी."

"मग बोळे कुठायत?"

नेरेआला रडू आलं. "टाकून दिले," ती म्हणाली. मग एकदम डोळे पुसून वळली. "फोटो आहे! काम सुरू करायच्या आधीचा. थांबा हं, जाऊ नका कुठे!"

आम्ही बाकावर बसलो. बासिलिसाचा श्वास मला ऐकू येत होता. "फोटो आहे," ती स्वतःशीच म्हणत होती. "आहे म्हणतेय ना गं? आहे." तिनं पावाचा गोळा खिशात ठेवला, कोटाला हात पुसले, केस सारखे केले.

नेरेआनं जाड कागदावरचा मोठा फोटो तिच्या मांडीवर ठेवला. भक्कन दिवे लावून काढलेला. मेणबत्तीचा उजेड नाही, काजळी नाही. चपटं तोंड, गाडीच्या फळीवर काढतात तशा जाड रेघा, डावी भुवई वर, नाक जरा वाकडं, ओठाशी तीळ. मी वाकून पाहिलं आणि मला तर भरून आलं, लहानपणापासूनची ओळख ती!

बासिलिसा कितीतरी वेळ पाहत राहिली. फोटो लांब धरला, जवळ आणला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"ही कोण?"

त्या क्षणी तरी देवानं माझ्या तोंडाला दार लावायचं होतं! नाही म्हणायचं होतं मी, ही नव्हे ती, म्हणायचं होतं. पण माझं तोंड माझ्या आधी चालतं.

"अगं, कोण काय विचारतेस? तुझी आई ना ती!"

तिनं पुन्हा खाली पाहिलं. त्या तिळावर बोट ठेवलं आणि उचललं.

"मग मी तिला ओळखलं नाही," ती म्हणाली.

बसमध्ये फोटो तिच्या मांडीवर पालथा होता. मी आपली बडबडतेय, दिवेच वाईट होते गं, अशा उजेडात मी माझ्या नवऱ्याला ओळखलं नसतं, यंत्रानं काढलेलं खरं नसतं. आमच्या डोंगराचं वळण आलं तेव्हा ती म्हणाली, "आता गप्प बस, ओबदुलिया." अठ्ठ्याहत्तर वर्षांत तिनं मला असं कधी म्हटलं नव्हतं. मी बसले गप्प.

दुसऱ्या दिवशी तिनं चर्चची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली. फोटो कपाटामागे भिंतीकडे तोंड करून होता. जेवण सुटलं. मी सूप घेऊन जायची, ती म्हणायची, "ठेव." घाबरायची आता मरायला, जी बाई लांडग्यांना आणि वादळांना कधी घाबरली नाही. माझा हात धरून म्हणायची, "एवढ्या गर्दीत मी कुणाकडे जाऊ गं?" आणि मी म्हणायची, "गप, जातेस कुठे तू." चौथ्या आठवड्यात ती गेली.

तिला पेटीत ठेवल्यावर मी कपाटामागचा फोटो काढला. मला वाटलं, निदान एवढं तरी नीट करावं. जाड पेननं, मोठ्या अक्षरांत, फोटोच्या पाठीमागे लिहिलं: 'बासिलिसा, ही तुझी आई.' फोटो तिच्या हातात दिला, बोटं मिटवली आणि झाकण लावायला सांगितलं. दफनभूमीपर्यंत मी ताठ मानेनं चालत गेले. एक तरी काम धड केलं, असं वाटत होतं. पेटी खाली गेली, पुरुषांनी माती लोटायला सुरुवात केली, आणि तेव्हा मला आठवलं, बासिलिसाला वाचता येत नव्हतं.