आधी खाट, मग छापा

ती घटना आठवायला मला जुनी कागदपत्रं काढावी लागत नाहीत. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगली पाहिल्या, आणि त्यातलं निम्मं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. पण ईट गावाजवळच्या वाडीवरची ती बाई जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. तेव्हा मी धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला एका ठाण्याचा प्रभारी होतो. नाव कुणाचंच सांगणार नाही.

सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. ठाणे अंमलदारासमोर एक जोडपं उभं होतं. नवरा खव्याची भट्टी चालवणारा, अंगाला धूर आणि आटलेल्या दुधाचा वास. बायको चाळिशीची, चेहरा सुजलेला, चार पावलं चालली की धाप लागणारी. "हे दवाखान्याचं काम आहे, योजनेच्या हापिसात जावा," असं अंमलदार समजावत होता आणि बाई जागची हलत नव्हती. शेवटी मीच तिला आत बोलावून खुर्ची दिली.

"सायेब, माज्या दोनी किडन्या गेल्यात," ती म्हणाली. "हप्त्यातनं दोनदा मशीनवर रगत धुवून घ्यावं लागतं. ते सरकारी कार्डावर व्हतं. आता दवाखाना म्हणतोय, कार्डातलं पैसं सपलं. सपतील कसं? निम्म्या येळंला तर मशीन बंद हाय म्हणून मला माघारी लावलंय."

"हिशेबात काही चूक झाली असेल," मी म्हणालो.

"रगत धुतलं का न्हाय ते माज्या अंगाला कळतंय की. न्हाय धुतलं की मी ही अशी फुगते."

प्रकार साधा होता. आमच्या हद्दीत डायलिसिसची सोय असलेलं एकच खासगी रुग्णालय होतं. दर फेरीचे पैसे शासनाच्या आरोग्य योजनेतून त्याला मिळत. अट एवढीच, की हजेरीपत्रकावर रुग्णाचा अंगठा हवा आणि रुग्ण मशीनवर असतानाचा फोटो हवा. एका कुटुंबाला वर्षाला ठरावीकच रक्कम मिळते. ती संपली की खिशात हात घाला, नाहीतर घरी बसा. आणि या आजारात घरी बसणं म्हणजे काय, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

योजनेच्या जिल्हा कार्यालयाकडून मी तिच्या नावाचे अंगठे आणि फोटो मागवले. सगळं चोख निघालं. प्रत्येक फोटोत डोक्यावर पदर आणि तोंडाला मास्क असलेली बाई खाटेवर, डाव्या हाताला नळ्या, मागं मशीन. माझे दुय्यम निरीक्षक म्हणाले, "सर, बाई घाबरलीय, बाकी काही नाही." मलाही क्षणभर तसंच वाटलं. अंगठ्यांचा उलगडा मात्र तिनंच केला. कार्ड नवं करायचं म्हणून रुग्णालयानं कोऱ्या कागदांवर तिच्याकडून अंगठे घेऊन ठेवले होते.

तिचा जबाब आम्ही घरी जाऊन घेतला. चुलीशेजारी बसून ती बोलत होती, महिला अंमलदार लिहीत होती. बोलता बोलता पदर सरकला आणि तिचा डावा हात दिसला. अगदी मोकळा. उजव्या हातात मात्र कोपरापर्यंत हिरवी काकणं. कपाळावर कुंकू, शेजारी नवरा धडधाकट. आमच्याकडं सवाष्ण बाईचा हात असा उघडा दिसत नाही. मला राहवलं नाही, मी विचारलं.

ती कसनुसं हसली. "ह्या हातात शिरा जोडल्यात, सायेब. मशीनची सुई हितंच टोचत्यात. दाब पडला की शीर बंद. डाक्टरनं सांगितलंय, काकण तर न्हायच, साधा दोरा बी बांधू नगं. बाया लई बोलत्यात. मग डाव्या हाताची काकणं बी म्या उजव्यातच घालते." तिनं महिला अंमलदाराचा हात धरून स्वतःच्या मनगटाच्या वर ठेवला. "बघा, घुमतंय का न्हाय?" आमची पोरगी दचकलीच. कातडीखाली रक्त घरघरत होतं.

योजनेकडून आलेले फोटो मी तिच्यापुढं धरले. नळ्या सगळ्यांत डाव्या हातालाच होत्या, पण निम्म्या फोटोंत त्या हातात मनगट भरून हिरवी काकणं होती. मागं-पुढं पितळी पाटली. आमचे दुय्यम निरीक्षक हळूच पुटपुटले, "हातच्या काकणाला आरसा कशाला, सर." तिच्या नावावर भलतीच बाई झोपली होती.

मी त्याच दिवशी छापा घालायच्या तयारीत होतो. पंच सांगून ठेवले, गाडीत डिझेल भरलं. तेवढ्यात ती नवऱ्यासह पुन्हा ठाण्यात आली. चौकशीची कुणकुण रुग्णालयाला लागली होती. व्यवस्थापकानं नवऱ्याला फोन केला होता. बाईला घेऊन या, इथून पुढं सगळं फुकट करू, फक्त साहेबांना सांगा की गैरसमज झाला. नवरा मान खाली घालून बसला होता. मला त्याचा राग आला नाही. बायको जगावी एवढंच त्या माणसाला हवं होतं.

"तुमचं काय म्हणणं?" मी तिला विचारलं.

"माझं फुकट करतील. पर माज्यासारख्या लई हायत तिथं, त्यांची कार्डं बी असंच सपत्याल," ती म्हणाली. "म्या सांगितलं ते खरंच हाय, त्यात बदल न्हाय. पर एक ऐका, सायेब. तुमी छापा घालणार, मशीनला कुलूप लावणार. मग आमी सगळे जायचं कुठं? उद्या ज्याचा नंबर हाय, तो परवापतुर टिकत न्हाय. आदी आमाला खाटा बघा, मग काय घालायचा तो छापा घाला."

सबंध नोकरीत मला तपासाचा क्रम इतका स्वच्छ कुणी सांगितला नव्हता. मी जिल्हा शल्यचिकित्सकांना फोन लावला. तो भला माणूस होता. 'लेखी पाठवा' म्हणाला नाही. जिल्हा रुग्णालयातल्या मशीनवर जादा पाळी लावली, आमच्या भागातल्या रुग्णांसाठी रुग्णवाहिका ठरवली. सगळ्यांची सोय झाल्याचा त्याचा निरोप आला, आणि मग आम्ही निघालो.

व्यवस्थापक गडी तयारीचा होता. चहा मागवला, वर विचारलं, "अंगठा आहे, फोटो आहे, आणखी काय पुरावा लागतो साहेब?" त्याच्या मागं एक आया फरशी पुसत होती, आणि माझं लक्ष तिच्या पितळी पाटल्यांवर होतं.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात आणायचं नसतं. महिला अंमलदाराला घेऊन मी त्या आयाच्या घरी गेलो, फोटो समोर ठेवला. ती रडायला लागली. "आडवं व्हायला सांगितलं, झाले. चिकटपट्टीनं नळी चिकटवायचे." मी विचारलं, त्यांनी काकणं उतरवायला नाही का सांगितलं? तिनं डोळे पुसले. "सांगितलं व्हतं की. पर धनी जिता असताना काकणं कशी उतरवू? म्या म्हनलं, नोकरी गेली तरी चालंल." खोटं झोपायला ती तयार झाली होती, काकणं उतरवायला नाही. तिच्या जबाबानंतर व्यवस्थापकाची भाषा बदलली, आणि मालक डॉक्टरही चार दिवसांत स्वतः हजर झाले.

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. साक्षीच्या दिवशी वाडीवरची ती बाई दोन एस.टी. बदलून आली. जवळचं मशीन गेल्यापासून दर फेरीला ती हाच प्रवास करत होती. आरोपीचे वकील चढ्या आवाजात म्हणाले, "ज्या रुग्णालयानं तुम्हाला इतकी वर्षं जगवलं, त्याच्यावरच उलटलात?"

"जगवलं, ते मी मानते," ती शांतपणे म्हणाली. "पर माज्या नावानं दुसरीला झोपवलं, तवा मी घरी फुगून पडले व्हते." मग तिनं न्यायाधीशांकडं पाहिलं. "झालं का, सायेब? मशीनवर माझा नंबर हाय."

न्यायाधीशांनी तिला लगेच मोकळं केलं. ती भिंतीला हात लावत बाहेर पडली, नवरा रिक्षा बघायला पुढं धावला. मी बाकावरून उठून उभा राहिलो होतो, हे मला नंतर कळलं.

साक्षीदाराला धीर पोलीस देतो, असं आम्हाला शिकवलेलं असतं. या गुन्ह्यात धीर तिनं मला दिला. बसल्या फांदीवर घाव घालणाऱ्याला लोक वेडा म्हणतात. तिनं घाव घातला खरा, पण आधी त्या फांदीवरच्या सगळ्यांना खाली उतरवून घेतलं.