पायरी झाली एकदाची

गवंड्यानं जन्मभर लोकांची घरं उभी केली. स्वतःच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला एक पायरी बांधायला मात्र त्याला सवड झाली नाही. दार जमिनीपासून हातभर उंच, खाली चार सुट्या विटा रचलेल्या. त्यांच्यावरून डुगडुगत गवंडीणबाई धुण्याच्या दगडापर्यंत जायच्या. गुडघे धड होते तोवर पायरीचं बोलत गेल्या, मग कण्हत गेल्या. त्याचं उत्तर ठरलेलं, या रविवारी. असे अडतीस वर्षांचे रविवार गेले, आणि एका रविवारी तोच गेला.

राख पत्र्याच्या डब्यातून घरी आली. ती जपायची कशी, यावर घरात बैठक बसली. लेकीनं काचेचं लॉकेट सुचवलं, आत चिमूटभर राख. बाई म्हणाल्या, जिवंतपणी गळ्यात पडला तेवढा पुरे झाला. थोरल्याला झाड लावायचं होतं. त्याला पाणी कोण घालणार, असं विचारल्यावर तो छताकडं बघायला लागला.

"माझी पायरी बांधा," बाई म्हणाल्या. "राख सिमेंटच्या मालात कालवा. ह्यांचं राहिलेलं काम ह्यांच्याकडूनच करून घेते."

थोरला चपापला. "अगं आई, बाबांवर पाय देऊन उतरायचं?"

"चपला काढून उतर."

गवंड्याच्या जोडीदाराला बोलावणं गेलं. दोघांनी तीस वर्षं एकाच घमेल्यातला माल थापीवर घेतलेला. त्यानं राख चाळली, बोटांत चोळून बघितली आणि म्हणाला, एवढी राख घातली तर माल कच्चा राहील.

"मग सिमेंट जास्त घाला भावजी. दुसऱ्यांच्या घरांत तुम्ही दोघांनी जे कमी घातलंत, ते इथं भरून काढा."

जोडीदारानं सिमेंटची नवी गोणी फोडली. पायरी अशी बांधली, की लेव्हलची पट्टी ठेवली तर तिच्या नळीतला बुडबुडा मधोमध. वर ओलं गोणपाट घालून बाईंनी आठ दिवस दोन्ही वेळा पाणी मारलं. गवंड्याला जिवंतपणी इतकं वेळेवर पाणी कधी मिळालं नव्हतं.

नवव्या दिवशी धुण्याची बादली घेऊन बाई दारात आल्या. घरचे मागं उभे. चपला काढल्या, पाय उचलला. तो खाली जाईना. बगळ्यासारख्या एका पायावर थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मागं फिरल्या. सून पुढच्या दारानं घराला वळसा घालायला लागली, थोरला तर मागं जायचंच टाळायला लागला.

दोन दिवसांनी बाईंनी जोडीदाराला बोलावून जुन्या चार विटा कुठं टाकल्या ते विचारलं.

"त्या तर पायरीच्या पोटात घातल्या, वहिनी."

मग त्यानंच चार नव्या विटा आणून पायरीला लागून रचल्या. त्याही डुगडुगतात.

संध्याकाळी बाई पायरीवर बसून वाटाणे सोलतात. पाय लागलेला चालत नाही, तर बूड टेकलेलं कसं चालतं, हे विचारायची कुणाची छाती नाही. सकाळी मात्र बादली घेऊन, गुडघा धरून त्या विटांवरून उतरतात आणि पायरीकडं बघून रोज म्हणतात,

"झाली एकदाची. आता ह्या विटांचं तेवढं बघा."