आठ दिवस, चार वाटेकरी

मी मुलांना गावातल्या खऱ्या विहिरीचं गणित घातलं, आणि वर सांगितलं की याला एकच उत्तर नाही. चूक माझीच. ती कुणावर ढकलायला मी पुष्कळ हातपाय मारले, पण घेणारा कुणी मिळाला नाही.

दिंद्रुडपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात मी तेव्हा मास्तर होतो. निजाम सरकारच्या कागदावर मुदर्रिस, गावात नुसता मास्तर. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. पहिल्याच तपासणीला तालुक्याच्या साहेबांनी पोरांच्या आधी मलाच पाऊणकी, म्हणजे पाऊणाचा पाढा, विचारली. मी तेराशी अडकलो. मागच्या रांगेतल्या एका पोरानं हळूच उत्तर सांगितलं, तेही साहेबांना नीट ऐकू जाईल इतकं हळू. तेव्हापासून मला एकाहून जास्त उत्तरांच्या गणितांची गोडी लागली. त्यात मास्तर चुकत नाही.

पोरांनाही ती आवडली. मी विचारायचो, "बारा कणसं, पाच पोरं. कशी वाटाल?"

"दोन-दोन. उरली दोन, ती गुरुजीला."

"थोरल्याला चार, बाकीच्यांला दोन-दोन."

"आदी भाजा तर खरं. ज्याचं तोंड पोळत न्हाई त्याची."

मी तिघांनाही शाबासकी द्यायचो आणि स्वतःवर खूश व्हायचो. त्याच भरात एक दिवस विहिरीवर आलो.

विहीर चार भावांची. रानं सारखी वाटलेली, पाणी मात्र वडीलकीनं वाटलेलं. आठ दिवसांचा फेरा. थोरल्या घराला तीन दिवस, मधल्या दोघांना दोन-दोन. चौथा भाऊ वारलेला, त्याच्या बायकोला एक दिवस. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं. मी फळ्यावर लिहिलं: आठ दिवस, चार वाटेकरी, पाळ्या कशा लावाल?

एक जण म्हणाला, ज्याचा गहू त्याला जास्त, ज्वारीवाल्याला कमी. थोरल्या घरचा नातू म्हणाला, "तीन, दोन, दोन, एक. हायच की तसं." त्या बाईचा मुलगा शाळेतला सगळ्यात हुशार. मला तेरावर सावरणारा तोच. त्यानं पाटीवर चार उभ्या रेघा ओढल्या, प्रत्येकीखाली दोन लिहिले आणि विचारलं, "रानं सारखी हाईत गुरुजी. मंग आमाला एकच कावून?"

इथं शहाण्या मास्तरानं पाटी पुसायला लावली असती. चौघांतले थोरले भाऊ रोज सकाळी मारुतीला पाणी घालायला यायचे. दुसऱ्या दिवशी ते आले तसं मी पोराला उभं केलं आणि त्यांच्यासमोर उत्तर वाचायला लावलं. हुशारी पोराची होती, पण ती दाखवून कौतुक मला हवं होतं.

थोरल्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "परत वाच."

त्यानं परत वाचलं.

"बरोबर हाय," थोरले म्हणाले. "दोन म्हंजी दोन. सांग तुज्या आईला. लई चांगलं शिकिवता मास्तर."

पुढचे दोन दिवस मी गावातून उगाच लांबच्या रस्त्यानं चालत होतो. न जाणो, कुणी थांबवून कौतुक करायचं राहून जाईल.

त्या बाईची पाण्याची पाळी आली. ती पहाटेच विहिरीवर जाऊन बसली. मोट आली नाही, बैल आले नाहीत. तिच्याकडे स्वतःचे बैल नव्हते. थोरल्या घरची जोडी आणि मोट तिच्या पाळीला यायची आणि त्या बदल्यात मायलेकरं त्यांच्या रानात खुरपायला जायची. इतकी वर्षं तशी सावड होती. ती विचारायला गेली तर थोरले म्हणाले, "हिसाबात बैल कुटं व्हते? पाटीवर तर न्हवते." मधले दोघे भाऊ त्याच सुमाराला बैल घेऊन कुठं कुठं गेले होते.

पाणी विहिरीत होतं, दोन दिवस तिचे होते आणि गहू पोटरीत, ओंबी बाहेर पडायच्या बेतात आलेला होता.

मी थोरल्यांशी बोलायला गेलो. दारापर्यंत माझा आवाज चांगला होता. ते जेवायला बसत होते. म्हणाले, "बसा मास्तर, आदी दोन घास खा." मी बसलो. दुसऱ्या भाकरीला म्हणालो, "ते पाण्याचं जरा..." त्यांनी ताकाची वाटी पुढं सरकवली. ताक चांगलं होतं. बोलायला गेलेला मी जेवून परत आलो.

त्या फेऱ्यात गव्हाला पाणी मिळालं नाही. पुढच्या फेऱ्यात निम्मा पिवळा पडला. मग थोरल्या घरून निरोप गेला: पोराला गुरांमागं लावा, बैल पाठवतो, पाळी पहिल्यासारखी एक. तिनं पोराला लावलं. दुसऱ्या दिवशी त्याची पाटी धाकट्या चुलत भावाच्या हातात दिसली. पोरगा परीक्षेला बसणार होता. मी स्वतःच साहेबांना तसं सांगून ठेवलेलं.

साहेब आले तेव्हा मी पाढे म्हणवून घेतले. एका सवालाला एकच जवाब. साहेबांनी पसंतीचा शेरा लिहिला. माझ्या नोकरीत तसा शेरा दुसरा नाही.

साहेब गेल्यावर मी त्या बाईकडे गेलो. ती अंगणात गोवऱ्या थापत होती. मी म्हणालो, पोराला निदान परीक्षेपुरतं पाठवा, मी वाटल्यास थोरल्यांशी पुन्हा बोलतो.

तिनं हात थांबवला नाही.

"पुन्यांदा जेवायला जाताव व्हय? मास्तर, पाण्याला बैल लागत्यात एवढं माज्या पोराला ठावं हाय, तुमाला न्हाई. मंग त्यानं तुमच्याकडं यिऊन काय शिकावं?"